आईच्या गाठीसाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी सांगितलीय, केली तर बायोप्सी टळेल का?

कराडची_अश्विनी

नमस्कार. जरा लांबलचक होईल, पण घरात सगळे वेगवेगळं बोलतायत आणि मला कुणाला विचारायचं तेच कळेना म्हणून इथे लिहितेय.

आई ५८ वर्षांची. मागच्या महिन्यात अंघोळीच्या वेळी डाव्या स्तनात गाठ लागली हाताला, तिने दहाबारा दिवस कुणाला सांगितलंच नाही, मग वहिनीला बोलली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये १४ मिमीची गाठ, एका बाजूची कड अस्पष्ट, बायरॅड्स ४ए (गाठ किती संशयाची आहे त्याचा वर्ग) असं लिहिलंय. सर्जन म्हणाले बायोप्सी करून घ्या. आईला १५ वर्षं शुगर आहे, क्रिएटिनीन २.१ आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, २७ आलाय, त्यामुळे एमआरआयचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर पुण्यातले रेडिओलॉजिस्ट जरा विचारात होते, ते म्हणाले आपण कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी करू शकतो, शिरेतून बारीक बुडबुड्यांचं औषध देऊन गाठीतला रक्तपुरवठा बघायचा.

झालं, हे मामाने ऐकलं आणि तो म्हणतो बघ, बिनसुईची तपासणी आहे तर सुई कशाला, सुई टोचली की गाठ खवळते आणि सगळीकडे पसरते, आमच्या गावात अमुक बाईचं तसंच झालं. आईला पण तेच हवंय कारण ती सुईला प्रचंड घाबरते. तर ही तपासणी चांगली आली तर बायोप्सी सोडून देता येते का? किडनीला चालेल का? आणि शिरेत हवेचे बुडबुडे म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला, ते नक्की काय असतं कुणी सांगेल का. कुणी केली असेल तर प्लीज लिहा.

रेडिओ_डॉक

अश्विनीताई, मी पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहे, स्तनाचंच काम जास्त करतो. आईचे फोटो मी बघितलेले नाहीत, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

आधी बुडबुडे. ही साधी हवा नाही, त्यामुळे सिरिंजमधली हवा शिरेत गेली तर काय, ती भीती इथे लागू होत नाही. आपल्याकडे जे औषध मिळतं, सोनोव्ह्यू, त्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू असतो आणि त्याभोवती फॉस्फोलिपिडचं पातळ कवच. एकेक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या पेशीपेक्षाही लहान, त्यामुळे तो सगळ्यात बारीक केशवाहिनीतूनही निघून जातो, पण रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेर मात्र पडत नाही. हेच त्याचं वैशिष्ट्य आहे. एमआरआयचं किंवा सीटीचं औषध वाहिनीतून झिरपून आजूबाजूला पसरतं, हे रक्ताच्या वाटेवरच राहतं, म्हणून स्क्रीनवर जे उजळतं ते फक्त रक्त जातंय तिथलंच. काही मिनिटांत कवच फुटतं आणि वायू श्वासावाटे बाहेर जातो. किडनीचा त्यात काही रोल नाही. सीटीच्या औषधातलं आयोडीन नाही, एमआरआयच्या औषधातलं गॅडोलिनियम नाही, रेडिएशन नाही, आधी क्रिएटिनीन बघायचीही गरज नसते. तर ईजीएफआर २७ वाल्या आईसाठी डॉक्टरांनी हे सुचवलं त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

ही कल्पना नवी नाहीये बरं का. १९६८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला ग्रामियाक आणि प्रवीण शहा या दोघांनी हृदयाची सोनोग्राफी करताना नळीतून थेट हृदयात इंजेक्शन दिलं तेव्हा रक्तात चमकणारे ठिपके दिसले, ते बारीक बुडबुडे होते, तिथून हा सगळा प्रवास सुरू झाला. आणि गाठीत रक्तवाहिन्या का बघायच्या, तर १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी मांडलं होतं की कॅन्सरची गाठ एकदोन मिमीच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घ्याव्याच लागतात. या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, कुठे दाट तर कुठे नाहीच. साध्या कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, त्यातल्या मोठ्या तेवढ्या दिसतात, बारीक जाळं दिसत नाही. बुडबुडे ते जाळं दाखवतात.

आम्ही काय बघतो तर औषध गाठीत बाजूच्या भागापेक्षा लवकर शिरतंय का, एकसारखं उजळतंय की तुकड्यातुकड्यात, मध्ये काळे न उजळणारे भाग आहेत का, कडेने खेकड्याच्या नांगीसारख्या वाहिन्या बाहेर निघताना दिसतायत का, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, उजळलेला भाग साध्या सोनोग्राफीतल्या गाठीपेक्षा मोठा दिसतोय का. हे असेल तर संशय वाढतो. गाठ गुळगुळीत कडेने एकसारखी उजळली किंवा फारशी उजळलीच नाही तर साध्या गाठीकडे कल.

आता मुख्य प्रश्न. बायोप्सी टळेल का. तुमच्या आईच्या बाबतीत माझं उत्तर नाही असंच आहे. ४ए म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता २ ते १० टक्क्यांच्या मधली. ऐकायला कमी वाटते पण या वर्गाला जगभर सुईने तपासणीच सांगितली जाते. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी दोन्हीकडे चुकू शकते. काही कॅन्सर, जसे चिकट द्रवाने भरलेले म्युसिनस प्रकारचे किंवा लहान आणि हळू वाढणारे, फारसे उजळत नाहीत. उलट फायब्रोअडिनोमा, पॅपिलोमा, ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिससारखी सूज ही मंडळी झकास उजळतात आणि कॅन्सर नसतात. बायरॅड्सच्या नेहमीच्या सोनोग्राफी वर्गवारीत ही तपासणी अजून बसवलेली नाही. अमेरिकेत या औषधाला २०१४ ला हृदयासाठी आणि २०१६ ला लिव्हरसाठी मान्यता मिळाली, स्तन त्या यादीत नाही. म्हणजे हे मदतनीस आहे, निकाल देणारं नाही. गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टने बघितल्याशिवाय निकाल नाही.

मग करायची कशाला? तर सुई नेमकी कुठे घालायची ते कळतं. गाठीचा काही भाग मेलेला असतो, तिथला तुकडा आला तर रिपोर्ट गुळमुळीत येतो आणि परत सुई. उजळलेल्या जिवंत भागातून तुकडा घेतला तर तो धोका कमी. तुमच्या डॉक्टरांना हेच अभिप्रेत असेल असं वाटतं, त्यांना सरळ विचारा.

विहंग_के

डॉक्टरांचा मान ठेवून बोलतो, पण मी तर म्हणेन कॉन्ट्रास्ट वगैरे सोडा आणि आधी बायोप्सी करा. माझ्या बायकोच्या वेळी आम्ही हेच केलं, ही तपासणी, ती तपासणी, दुसरं मत, तिसरं मत, प्रत्येक ठिकाणी वाटायचं यातून काहीतरी चांगलं निघेल आणि सुई लांबेल. एका ठिकाणी तर सांगितलं सहा महिन्यांनी या. त्या नादात पावणेचार महिने गेले. बायोप्सी केली ती पंधरावीस मिनिटांत झाली आणि ती म्हणाली एवढ्यासाठी आपण थांबलो होतो? ती आता बरी आहे, औषधं चालू आहेत, पण काखेतल्या गाठींपर्यंत गेलं होतं आणि बायोप्सी आधी केली असती तर ते गेलं नसतं का हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. त्यामुळे ताई, तपासणी कितीही चांगली असू दे, तिच्यामुळे तारीख पुढे जात असेल तर नको.

रेडिओ_डॉक

विहंग, तुमच्याशी पूर्ण सहमत, आणि हे मी वर ठळकपणे लिहायला हवं होतं. कॉन्ट्रास्ट करायची तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर, बायोप्सीच्या आधी. वेगळी तारीख, वेगळं सेंटर, मग रिपोर्टची वाट, असं असेल तर सरळ साध्या सोनोग्राफीखाली बायोप्सी करून मोकळं व्हा, १४ मिमीची गाठ त्यात व्यवस्थित दिसते.

आणि मामांसाठी. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मी रोज ऐकतो. अमुक बाईचं सुई लावल्यावर वाढलं असं जे दिसतं, ते बहुतेक वेळा असं असतं की गाठ आधीच वाढलेली होती, सुईने फक्त तिचं नाव कळलं, आणि नाव कळल्यावर घाबरून उपचार झाले नाहीत. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सांडू शकतात हे खरं, पण त्यामुळे बाईचं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही, आणि पुढे ऑपरेशन, रेडिएशन, औषधं असतातच. उलट आता ऑपरेशनच्या आधी केमो द्यायची की नाही हे त्या तुकड्यावरच्या ईआर, पीआर, हर२ च्या (कॅन्सरच्या पेशींवर हार्मोनचे आणि हर२ चे रिसेप्टर आहेत का याच्या) तपासणीवर ठरतं. ते कुठलाही स्कॅन सांगू शकत नाही.

योकोहामाकर

मी मूळ सांगलीचा, नोकरीमुळे जपानमध्ये. इथे ही तपासणी बऱ्यापैकी रुळलेली आहे, बायकोची झालीय म्हणून अनुभव लिहितो. इथलं औषध वेगळं, सोनाझॉइड, त्यात परफ्लुरोब्युटेन वायू असतो. इथे ते २००७ ला लिव्हरसाठी आलं आणि २०१२ ला स्तनाच्या गाठींसाठीही मंजूर झालं. गंमत नाही, पण आम्हाला पहिला प्रश्न विचारला अंड्याची ॲलर्जी आहे का, कारण याच्या कवचातला पदार्थ अंड्यापासून बनवलेला असतो. आम्ही शाकाहारी, तिने आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही, मग ॲलर्जी आहे की नाही हे सांगायचं कसं? नर्सने ते तसंच फॉर्मवर लिहून घेतलं आणि डॉक्टर इंजेक्शन देताना बाजूलाच थांबले.

प्रत्यक्षात काही त्रास नाही. हातात सलाईनची सुई लावतात तशी लावली, हात डोक्याच्या वर, औषध एकदोन मिलि आणि मागून सलाईन. स्क्रीनचे दोन भाग, एकीकडे नेहमीचं राखाडी चित्र, दुसरीकडे आधी काळोख आणि मग हळूहळू ठिपके येत जातात. तिला अजिबात हलू नको म्हणाले आणि डॉक्टरने प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात तो सोनोग्राफीचा भाग, इतका हलका धरला होता की टेकवलाय की नाही कळेना. दोनतीन मिनिटांचं रेकॉर्डिंग, संपलं.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, एका इंजेक्शनमध्ये एकच गाठ बघता येते. तिला दोन होत्या, दुसरीसाठी थोडा वेळ थांबून परत औषध द्यावं लागलं. एमआरआयसारखं दोन्ही बाजू एका फटक्यात असं नाही. तिची एक फायब्रोअडिनोमा निघाली आणि दुसरी डॉक्टरांना आवडली नाही, बायोप्सी दोन्हींची केली. दोन्ही साध्या निघाल्या. म्हणजे जी आवडली नव्हती तीही.

रेडिओ_डॉक

योकोहामाकरांनी प्रोब हलका धरायचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. लिव्हर बरगड्यांच्या आड असतं, स्तन मऊ, जरा दाबला की बारीक वाहिन्या मिटतात आणि गाठीत रक्त नाहीच असं खोटं चित्र येतं. अनुभव नसलेल्या हाताकडून हीच चूक होते.

अजून एक. हे बुडबुडे साधारण लिव्हरला वापरतो त्या कमी फ्रिक्वेन्सीला, म्हणजे तीनेक मेगाहर्ट्झच्या आसपास चांगले थरथरतात. मशीन अगदी कमी ताकदीचा आवाज सोडतं, बुडबुडा आकसतो कमी आणि फुगतो जास्त, तो असमान प्रतिध्वनी मशीन वेगळा काढतं आणि मांसपेशींचा सरळ प्रतिध्वनी खोडून टाकतं. पण स्तनासाठीचा लिनियर प्रोब असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचा, तिथे बुडबुडे मंद दिसतात, म्हणून औषध जास्त लागतं, लिव्हरला २.४ मिलि देतो तर इथे बरेचदा ४.८. तर अश्विनीताई, फोन करून एवढं विचारा की तुमच्या मशीनच्या लिनियर प्रोबवर कॉन्ट्रास्ट मोड आहे का आणि तुम्ही स्तनाच्या किती केसेस करता. रागावणार नाहीत, रागावले तर दुसरीकडे जा.

ॲलर्जीचं, आपल्याकडच्या औषधात अंड्याचा प्रश्न नाही, पण पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं, तेच जे कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायच्या पावडरीत असतं. आईला त्याने कधी अंगावर पित्त उठलं, दम लागला असं झालं असेल तर आधी सांगा. गंभीर रिॲक्शन फार दुर्मिळ, इटलीतल्या तेवीस हजारांवर पेशंटच्या अभ्यासात दहा हजारांत एकापेक्षाही कमी निघाली होती, तरी नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. हृदयाचा ताजा त्रास किंवा फुफ्फुसातलं प्रेशर खूप वाढलेलं असेल तर तेही सांगायचं. इकोस्प्रिन वगैरे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, फक्त कळवा.

नर्सताई_सोलापूर

मला त्या मशीनचं फारसं माहीत नाही, आमच्याकडे नाही. पण अश्विनी, तुझ्या आईने गाठ हाताने ओळखली आणि दहाबारा दिवसांत सांगितली, हे आमच्या ओपीडीत येणाऱ्या बायकांच्या मानाने खूप लवकर आहे गं. आमच्याकडे गाठ फुटून वास यायला लागल्यावर येतात. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष पदराखाली लपवतात. लेकीचं लग्न होऊ दे मग बघू म्हणतात.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांवर अभ्यास केला, वस्तीतल्याच शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, बाकी कुठलं यंत्र नाही. त्यात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मी हे प्रत्येक आशाताईला सांगते. तुझ्या वहिनीला आणि तुलाही सांगते, घरात आता सगळ्यांनीच तपासून घ्या, आणि आईच्या सुईच्या भीतीचं म्हणशील तर भूल देतात ती टोच तेवढी जाणवते, दात काढताना देतात तीच. नंतर खटक असा आवाज येतो, तो आधी ऐकवायला सांग म्हणजे दचकत नाहीत. आम्ही ऐकवतो.

सुमनमावशी

मी सहा वर्षांपूर्वी यातून गेले बाळा. माझ्या वेळी ही बुडबुड्याची तपासणी गाठीसाठी नाही केली, केमो चालू असताना केली, गाठ नुसती आकाराने कमी होतेय की आतलं रक्त पण कमी झालंय ते बघायला. पहिल्या दोन केमोनंतर आकार तेवढाच होता, मी रडून घेतलं, पण डॉक्टरांनी त्या तपासणीत दाखवलं की मधला भाग काळा पडलाय, औषध तिथे पोचतच नाही म्हणजे तिथलं मेलंय. तिसऱ्या केमोनंतर गाठ हाताला पण लहान लागली. डॉक्टर म्हणाले होते एकट्या या चित्रावर मी काही ठरवणार नाही, बाकीच्यासोबत बघतोय. पण मला त्या काळ्या डागाने पुढचे तीन आठवडे निघाले.

आईबरोबर आत कुणीतरी बाईमाणूस जा. सोनोग्राफीच्या खोलीत बाहेर उभं राहू नका.

कराडची_अश्विनी

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी तुमचे सगळे मेसेज वहिनीला वाचून दाखवले आणि डॉक्टरसाहेबांचं सुईबद्दलचं मामाला. तो काही बोलला नाही पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला गाडी मी आणतो.

काल झालं. मी फोनवर विचारलं होतं, लिनियर प्रोबवर मोड आहे म्हणाले, आणि दोन्ही एकाच दिवशी करू असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी आत होते. ठिपके आले तेव्हा मला वाटलेलं काही कळणार नाही, पण राखाडी चित्रात जी गाठ सुपारीएवढी दिसत होती ती उजळल्यावर एका बाजूने पुढे गेलेली दिसली, जिथे कड अस्पष्ट लिहिली होती तिथेच. डॉक्टर काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही. त्याच बाजूने चार तुकडे घेतले. आईला आवाज आधी ऐकवला होता, नर्सताई तुमच्यामुळे. ती डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणत होती आणि झाल्यावर म्हणाली झालं? रिपोर्ट पाचसहा दिवसांत.

कराडची_अश्विनी

रिपोर्ट आला. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच, ग्रेड २. ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह. काखेच्या सोनोग्राफीत गाठी नाहीत. मला टाइप करताना सुचत नाहीये. आईला आम्ही सांगितलं, लपवलं नाही. तिने विचारलं बायोप्सी केली नसती तर? वहिनी म्हणाली केली ना आता.

पुढच्या आठवड्यात मुंबईला टाटाला दाखवायचं ठरतंय. काय काय न्यायचं?

रेडिओ_डॉक

अश्विनीताई, वाईट वाटलं, पण लहान असताना आणि काखेत न दिसताना हातात सापडलीय, आणि हार्मोन पॉझिटिव्ह आहे, त्यावर चांगली औषधं आहेत. नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजी लॅबमधून बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, तिथे ते परत बघतात. मॅमोग्राफीच्या फिल्म, सोनोग्राफी आणि कॉन्ट्रास्टचं रेकॉर्डिंग सीडीवर. क्रिएटिनीनचे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून, आणि शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी. किडनीचं पहिल्याच भेटीत सांगा, कारण सीटी सांगितला तर त्या औषधाला मात्र क्रिएटिनीन बघावंच लागतं.

नर्सताई_सोलापूर

आणि डबा घरून ने. रांगेत वेळ लागतो, आईची शुगर खाली जायला नको.